निळ्या रेषेवरचा जावई

ठेकेदार काकूंच्या जावयाने दवाखान्याच्या आवारात चर कापायला घेतला आणि पहिल्या हातभरातच काकूंच्या लक्षात आलं, हा चुकीच्या रेषेवर चाललाय.

रेषा दोन होत्या, दोन हातांच्या अंतराने. पांढरी नव्या केबलसाठी, तिच्यावर कापायचं. निळीखाली पाण्याचा पाइप, तिच्या वाटेलाही जायचं नाही. आणि छोट्या लोडरला पुढे जोडलेली नवी करवत, जेवणाच्या टेबलाएवढं दातेरी गोल पातं, निळीवरूनच साबणाची वडी कापावी तसं काँक्रीट कापत निघाली होती. चार बोटं रुंद, गुडघाभर खोल.

दुसरा कोणी असता तर काकूंनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण हा जावई. लग्न होऊन आणि लोडरवर बसायला लागून चारच महिने झालेले. त्यात लेकीची तंबी, "साइटवर त्यांना एक शब्द बोललीस तर बघ." काकूंनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने आभाळाकडे पाहिलं.

"अरे, सांग की त्यांना."

"मी कसा सांगू काकू? तुमच्या घरचा माणूस."

"म्हणूनच तुला सांगतेय ना."

मुकादम धुळीत शिरला, खाकरला, "साहेब, जरा सावलीत बसता का?" असं विचारून परत आला. "नको म्हणाले."

पाइप फुटला की वरच्या मजल्यापर्यंत नळ कोरडे, खाटेवरचे रोगी पाण्यावाचून, आणि काकूंना पुन्हा कोणी साधा खड्डा खणायलाही बोलावणार नव्हतं. लोडर दहा पावलं सरकेपर्यंत काकूंनी सोसलं. अकराव्याला हेल्मेट डोक्यावर दाबलं आणि हात पसरून लोडरच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"बंद करा ते. डोळे आहेत की बटणं? निळं दिसतं का, निळं? तुमच्या हाती पोरगी दिलीय, दवाखाना नाही दिला."

करवत थांबली. सगळे चरावर वाकले. आत कोरडी ठणठणीत माती. पाण्याचा थेंब नाही.

सकाळी रेषा आखून गेलेला दवाखान्याचा प्लंबर धावत आला. त्याने चेंबरचं झाकण उचलून आत डोकं घातलं. ते बराच वेळ बाहेर येईना.

"काय रे, पाइप आहे का गेला?"

"आहे," आतून आवाज आला. "पण पांढऱ्या रेषेखाली. मी बहुतेक नकाशा उलटा धरला होता."

काकू चराच्या कडेला बसल्या. सांगितल्याप्रमाणे कापलं असतं तर आत्ता आवारात तळं झालं असतं. मग त्यांनी जावयाकडे मान वळवली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"की निळीखाली पाइप नाही."

"मला वाटलं, निळी म्हणजेच कापायची. कोणी काही बोललं नाही, म्हटलं बरोबरच असणार." त्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "खरं सांगू का आई? आत्ता ओरडलात, फार बरं वाटलं. चार महिने कोणी चूकच काढत नाही. सारखी धास्ती, आपण काय काय वाट लावून ठेवली असेल."

मुकादमाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मग आजपासून साइटवर तुम्ही जावई नाही. ड्रायव्हर."

"आणि तुम्ही सासू नाही?"

"ती मी चोवीस तास. चला, उरलेली निळी कापा. आणि सरळ कापा, आतापर्यंतचा चर सापासारखा गेलाय."