विमानाचं ठिगळ

रंग ओळखण्यात आपला हात धरणारं माणूस अजून जन्माला यायचंय, याबद्दल टेलरकाकूंना तिळमात्र शंका नव्हती. चाळीस वर्षं शिलाई केली होती! कापड डोळ्यांसमोरून नुसतं गेलं, तरी जुळणारं रीळ हातात यायचं.

आणि पोटचा पोरगा? संग्रहालयात नोकरीला. तीन वर्षं एकाच प्रश्नाला गोचिडीसारखा चिकटलेला! शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच लढाऊ विमानाचा मूळ रंग कोणता?

"विमान दाखव, उभ्या उभ्या सांगते!"

"विमान कुठलं, आई? सांगाडा उरलाय. आणि पंखाचं हे वीतभर कापड."

त्याचा निष्कर्ष असा, की रंग नव्हताच! साधं कापड, वर रोगण, म्हणजे फिक्या चहासारखं पिवळट. कापड अभ्यासासाठी घरीच डब्यात होतं, म्हणून आज संग्रहालयाचे मोठे साहेब तेच तपासायला घरी येणार होते. पटलं तर विमान त्याच्या हाती, नाही तर नोकरीवर पाणी!

पोरगा साहेबांना आणायला स्टेशनवर गेला. काकूंनी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. मधोमध भोक! साहेबांपुढे ही चिंधी ठेवायची? लोक काय म्हणतील, आई शिंपीण आणि घरात फाटकं!

नवऱ्याचा निळसर करडा पायजमा हाताशी होता. पायाच्या टोकाचा तुकडा कापला, भोकावर टाचला, कोरा दिसू नये म्हणून वरून चहाचं पाणी थापलं. झालं!

साहेबांनी भिंग लावलं आणि खुर्चीतून उडालेच. "ठिगळ! अहो, ऐन युद्धात लावलेलं ठिगळ! आणि रंग बघा, निळसर करडा. म्हणजे अख्खं विमान निळसर करडं होतं!"

पोरगा कापडाकडे बघे, साहेबांकडे बघे, पुन्हा कापडाकडे. "पण... सर... काल हे नव्हतं."

"काल नव्हतं? शंभर वर्षं जुनं ठिगळ काल नव्हतं? तीन वर्षं तुम्ही बघत काय होतात?"

स्वतःच्याच डोळ्यांवरचा पोराचा विश्वास उडाला. काकू दारात थिजल्या. बोलावं, तर जुन्या ठेव्याला सुई लावल्याचा गुन्हा. गप्प राहावं, तर पोराची तीन वर्षं पाण्यात आणि आकाशात नवऱ्याचा पायजमा!

साहेबांनी फोन काढला. "निळसर करडा रंग, चाळीस लिटर..."

काकूंनी ओठ गच्च मिटले.

"आणि टाके काय गचाळ आहेत!" फोन कानाला लावूनच साहेब हसले. "या गड्यानं जन्मात सुई धरली नसणार. थंडीनं बोटं बधिर झाली असतील बिचाऱ्याची."

"थंडी कसली डोंबलाची?" काकू कडाडल्या. "चष्मा सापडत नव्हता मला!"

"आई... तू?"

"मग काय विमानवाला आला होता परत?"

साहेबांचा विश्वास बसेना. शेवटी काकूंनी एक पाय आखूड झालेला पायजमा आणून त्यांच्या मांडीवर टाकला. तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला. मग चिमटा उचलला, तर काकूंनी तो काढून घेतला. "राहू द्या, फाडाल! मीच उसवते."

टाके निघाले. ते इतके सैल होते, की कापडाला धक्का लागला नव्हता. आणि चहाचं पाणी न लागलेली कड भिंगाखाली तपासली, तर पोरगा म्हणत होता तशीच पिवळट! साहेबांनी त्याच्या कागदांवर मुकाट्यानं सही केली.

निघताना मात्र ते घुटमळले. "काकू, सांगाड्यावर कापड चढवायचंय. सैनिकांनी घाईत घातलेत तसे टाके हवेत, वेडेवाकडे. आमच्या शिंप्यांना ते जमत नाहीत, हात सरळच चालतो त्यांचा. तुम्ही याल?"

सोमवारपासून काकू संग्रहालयात जातात. 'विमान शिवते मी,' असं अख्ख्या गल्लीला सांगून झालंय. मुद्दाम वाकडं शिवायला फार कसब लागतं, हेही!

खरं सांगायचं, तर चार दिवस बाई जीव तोडून सरळ टाके घालतेय. आणि साहेब रोज येऊन म्हणतात, "वा! अगदी हवे तसेच!"