डेल्यूज राखून ठेवणारे सर

नाल्याला पाणी चढलं की आमच्या गावच्या बसचा ड्रायव्हर पाण्याकडे बघत नसे, गावंडे सरांकडे बघत असे. "सर, आज कोन्ता शब्द?" सर नाल्याकाठी आपल्या दारातल्या खुर्चीतून उठत, चष्मा पुसत, खांब न्याहाळत आणि सांगत, "ओव्हरफ्लो." मग बस निघे. "फ्लड" म्हणाले की ड्रायव्हर इंजिन बंद करून माझ्या शिवणदुकानात पाय पसरून बसे.

आमच्या गावाहून केनवडला जाताना हा नाला लागतो. त्यावर कित्येक वर्षं नुसता रपटा होता, म्हणजे बुटका पूल, थोड्या पाण्यातही बुडणारा. कडेच्या खांबावर सरांनी स्वतः तेलरंगाने खालून वर पाच इंग्रजी शब्द लिहिले होते. रपट्यावर अंगठा बुडेल एवढं पाणी आलं की ट्रिकल, घोट्याला ओव्हरफ्लो, गुडघ्याला फ्लड, कंबरेला इनंडेशन. आणि डोक्याच्याही वर, खांबाच्या टोकाला, डेल्यूज. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यासुद्धा सुनेला सांगत, "इनंडेशन हाये वो, माहेरी उद्या जाय."

सर निवृत्त इंग्रजी मास्तर, मी त्यांचा नापास विद्यार्थी. हे शब्द नुसत्या पाण्याचे नाहीत, ज्याच्यापुढे माणूस कमी पडतो त्या सगळ्याचे आहेत, एवढं मात्र त्यांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलं. सोयाबीनवर अळ्या पडल्या की ते वाकून बघत आणि म्हणत, "फ्लड." लग्नात पंगतीवर पंगत उठू लागली की "इनंडेशन." वाशीमच्या कचेरीतला एक बाबू एकदा ऐटीत म्हणाला, "सर, मी कामात स्वॅम्प्ड आहे." सर म्हणाले, "स्वॅम्प म्हंजे दलदल. त्यातून पाय निंगत नाही. तू तं चहाले तीनदा बाहीर आला." अॅव्हलांच, म्हणजे बर्फाचा कडा कोसळणं, हा शब्द त्यांनी खांबावर घेतलाच नाही. आपल्याकडे बर्फ फक्त लग्नातल्या सरबतात असतो, म्हणून.

डेल्यूज मात्र त्यांनी कधीच वापरला नाही. "शब्द उधळाचा नसते, गड्या," म्हणायचे. एका वर्षी असा पूर आला की अख्खा खांब पाण्याखाली गेला. आम्ही धावत गेलो. "सर, आता तरी?" सर शांतपणे म्हणाले, "खांबच दिसून नाही राह्यला. कसं सांगू?" त्या दिवशी मी मनोमन हात जोडले.

मग सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. पाच गावांची माणसं आली, अंगणात उभं राहायला जागा नव्हती. सगळे पांगल्यावर सर रिकाम्या अंगणाकडे बघत म्हणाले, "इनंडेशन होतं." तेव्हाही त्यांनी वरचा शब्द काढला नाही. त्यांना मूलबाळ नाही. त्यानंतर त्यांच्या दारात माणूस यायचा तो शब्द विचारायलाच.

आणि गेल्या वर्षी उंच पूल झाला. उद्घाटनाला सरांनीच पेढे वाटले. रपटा पाडला, खांब तेवढा राहिला. पण सरांची खुर्ची घरात गेली आणि दार लागलं. पँट आखूड करायला आले तेव्हा एकदाच बोलले, "आता मले कोन इचारते?" मी हसून टाळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रात्रभर पाऊस झाला. सकाळी नाला, पूल झाल्यापासून पहिल्यांदाच, लाल होऊन वाहत होता. वाशीमची बस गावातून निघाली आणि पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली. पाणी पुलापासून दोन पुरुष खाली होतं. तरी थांबली. मागे जीप थांबली, मग मोटारसायकली, मग बैलांचा साज आणायला निघालेले लोक, सगळ्यांत मागे एक ट्रॅक्टर. रांग शाळेपर्यंत गेली. पूल उंच झालाय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मीसुद्धा कात्री टाकून सरांचं दार ठोठावायला पळालो.

"सर, बस थांबून राह्यली."

"कायले?"

"शब्दासाठी."

सर बनियनवरच बाहेर आले. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "सर, सांगा ना. समदे खोळंबले."

पाणी खांबाच्या पहिल्या शब्दालाही लागलं नव्हतं. सरांनी खांबाकडे पाहिलं, मग वळून रांगेकडे पाहिलं. चष्मा काढून पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

"डेल्यूज," ते म्हणाले.

ड्रायव्हरने घाबरून इंजिनच बंद केलं. "म्हंजे आज जाचंच नाही?"

"जा," सर म्हणाले. "समदे जा. सावकाश जा."

शेवटचा ट्रॅक्टर पलीकडे पोचेपर्यंत ते तिथेच उभे होते. मग मला म्हणाले, "तो ट्रॅक्टरवाला केनवडचा होता ना? आपल्या गावचा नाही. तोही थांबला."