काशीनाथमामांची हिरवी झोप

काशीनाथमामांना नमस्कार केला की ते हात जोडत नाहीत, मनगट पुढं करतात. "बघा साहेब, झोप कशी हिरवीगार हाय!"

वाळूजच्या आमच्या कारखान्यात मामा रात्रपाळीला क्रेन चालवतात. क्रेन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पाळीत डुलक्या वाढल्या तसे कंपनीनं सगळ्यांना झोप मोजणारे पट्टे वाटले. पट्टा हिरवा असेल तरच यंत्राला हात लावायचा, लाल असेल तर पॅकिंगला बसायचं. ते तपासायचं काम माझ्याकडं. आम्ही बाकीचे बहुतेक लाल, मामा मात्र रोज हिरवे. मग त्यांच्या उपदेशाला काय तोटा! कुणी दुसरा चहा उचलला की लगेच, "झोप लई मानी असती बाबा. बोलावून येत नाय."

आणि परवा हेच मामा माझ्यासमोर उभ्या उभ्या पेंगले. पट्टा हिरवा! मी त्यांना क्रेनवर चढू दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं घर गाठलं.

मामा दारात खुर्ची टाकून बसलेले, हातात काठी. भंगारवाला ओरडणार, तोच त्यांनी काठी उगारून त्याला गप्प केलं. आत मामी गाढ झोपल्या होत्या. पट्टा त्यांच्या मनगटावर.

माझं डोकंच फिरलं. "मामा, वर एवढं लोखंड लटकतंय, खाली पोरं काम करतायत. काही वाटतं का?"

"हळू बोला साहेब." मामांचे डोळे तांबारले होते. "चुकलं माझं. गंमत म्हनून तिला बांधला, तर लालभडक! मी रातपाळीला, हिला एकटीला भ्या वाटतं, डोळा लागत नाय. दिवसा मी झोपावं म्हनून हीच हितं बसून गल्ली गप्प करायची. इतकी वर्सं झाली, ही झोपती कवा, हे मी इचारलंच नाय. म्हनून आता पट्टा तिलाच बांधून तिला झोपवतो, अन् मी हितं बसतो."

म्हणजे मामा इतके दिवस मिरवत होते ती मामींची झोप होती. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"क्रेन ऱ्हाऊ द्या साहेब," मामा खाली बघत म्हणाले. "मला दिवसपाळीचं पॅकिंग द्या. रातीला घरी ऱ्हाईन."

"देतो. आता आत जाऊन पडा."

"अन् हितं कोन बसंल?"

मी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि खुर्चीत बसलो. थोड्या वेळानं कुल्फीवाला घंटी वाजवत कोपऱ्यावर वळला. मी ओठांवर बोट ठेवलं.