सूर्यास्तापूर्वी अर्धा तास

"माणसाला भूक कवा लागती, ते त्येच्या पोटाच्या आधी मला कळतं!"

हंबीरराव हे वाक्य महाबळेश्वरच्या बाजारपेठेत दिवसातून निदान चारदा तरी टाकत. समोरच्याने विचारलेलं असो वा नसो! आणि का टाकू नये? पलटणीत मेस हवालदार होते ते. मिसरात वाळूची वादळं अंगावर घेतली, इटलीत बर्फात चुली पेटवल्या. डोक्यावर बाँब पडत होते, तरी ह्यांचा रस्सा रात्री आठला टेबलावर हजर!

लढाई संपली, हंबीरराव वडूजला परतले आणि महिनाभरात कंटाळले. वडूजमध्ये पांढऱ्या चादरीच्या टेबलावर काट्या-चमच्याने जेवणार कोण? म्हणून त्यांनी बायकोला, म्हणजे अंजनाबाईंना, आणि मेहुण्याला, म्हणजे ज्ञानूला, बरोबर घेतलं आणि थेट महाबळेश्वरात 'व्हिक्टरी डायनिंग हॉल' थाटला. छताला झुंबर, खाली गालिचा, इंग्रजीत छापलेलं मेनू कार्ड! दारात तोफगोळ्याचं एक पितळी नळकांडं टांगलेलं. हंबीररावांनी ते मिसरातून गोधडीत गुंडाळून आणलं होतं. रात्री आठला ज्ञानू त्यावर हातोडा हाणी. ठणाणा! की मुंबई पॉइंटवर सूर्यास्त बघून गारठलेले साहेबलोक, पारशी, शेठ मंडळी आत शिरत आणि अंजनाबाईंच्या हातचं मटण खाऊन नाक पुसत बाहेर पडत.

म्हणजे धंदा उत्तम चालला होता. फक्त समोर पायगोंडा नसता तर!

पायगोंडाअण्णा सांगलीकडचे. जैन. त्यांनी बायकोच्या नावाने 'गुणमाला भोजनगृह' काढलं होतं. तेही काही साधंसुधं नव्हतं. चंदनाचे पाट, चांदीच्या वाट्या, दारात गुलाबपाणी! गुणमालाअक्का खपली गव्हाची खीर करत. तिकडे तिला हुग्गी म्हणतात. तर ही हुग्गी खायला दुपारी चारपासून मोटारी लागत. आणि सूर्य मावळायच्या आत पायगोंडाअण्णा दाराला कडी घालत. दारावर पाटीच होती: 'जेवण सूर्यास्तापूर्वी'. लोक सूर्यास्त बघायला मैलोन्मैल लांबून महाबळेश्वरला येतात, आणि इथे येऊन सूर्यास्त सोडून खीर ओरपत बसतात!

हंबीरराव दुपारभर आपल्या रिकाम्या हॉलाच्या खिडकीत बसून समोरच्या मोटारी बघत. मोटार थांबली की त्यांच्या छातीत कळ येई. दोन थांबल्या की पाणी मागवत.

"निळी बी तिथंच थांबली रं, ज्ञानू!"

"दाजी, आपलं गिऱ्हाईक रात्री येतंय की. हॉल भरतोय न्हवं?"

"भरतोय. पण त्येच्या दारात लाईन लागती. आपल्या दारात कवा लागली?"

आठला दार उघडायचं, आलेला माणूस आत यायचा, बसायचा, जेवायचा. लाईन लागणार कशी?

अशात ज्ञानूने बातमी आणली. एका संस्थानाचे राजेसाहेब पुरा मे महिना राहायला आले होते. बरोबर पंचवीसेक माणसांचा लवाजमा. बंगल्यातला आचारी आजारी पडून गावी गेला होता, म्हणून ते सगळ्यांनिशी बाहेर जेवणार होते. परवा संध्याकाळी बाजारपेठेत कुठेतरी जेवून बघणार आणि पसंत पडलं की अख्खा महिना तिथेच!

हंबीररावांच्या डोळ्यांपुढे पाटी उभी राहिली: 'राजेसाहेबांच्या पसंतीचे'. सोनेरी अक्षरात! आणि पाठोपाठ तीच पाटी पायगोंडाच्या दारावर दिसली. त्यांना दरदरून घाम फुटला. महाबळेश्वरच्या थंडीत!

"त्येचं गुपित काय हाय, ते बघून येतो," असं म्हणून त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला आणि निघाले. मिशा बाहेरच राहिल्या होत्या, त्यामुळे अख्ख्या बाजारपेठेने त्यांना ओळखलं, ते सोडा! पण मफलर गुंडाळण्यात वेळ गेला आणि ते पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. दार बंद! ओट्यावर स्वतः पायगोंडाअण्णा हात जोडून उभे.

"या या हंबीरराव! आज उशीर झाला की. उद्या लवकर या, अक्काला सांगून ठेवतो."

आतून वेलदोड्याचा वास आला. आणि काय सांगावं! घरून पोटभर जेवून निघालेल्या हंबीररावांच्या पोटात आगडोंब उसळला. आयुष्यात इतकी भूक त्यांना कधी लागली नव्हती. मागून आलेल्या एका शेठलाही अण्णांनी हात जोडले, मग त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले आणि बोट केलं. कुठे? तर सरळ व्हिक्टरी डायनिंग हॉलकडे!

हंबीरराव तरातरा घरी आले.

"चुगली करतोय माझी! माझ्या हॉलाकडं बोट दाखवून कायबाय सांगतोय गिऱ्हाइकाला! पण अंजना, त्येचं गुपित गावलं मला. दार!"

"दार?" अंजनाबाई मसाला वाटता वाटता थांबल्या.

"दार बंद करतोय त्यो! बंद दार बघितलं की माणसाला भूक लागती. आत्ता मलाच लागली! आपुन दार सताड उघडं ठेवतो, म्हणून आपली किंमत न्हाई."

"आवं, काय तरी काय! ते जैन हायती. दिवस मावळल्यावर खात न्हाईत. धरम हाय त्यो त्यांचा."

"त्यो खात नसंल! पण त्ये पारशी? त्यो कलेक्टर कचेरीतला साहेब? त्ये बी जैन झालं व्हय? धरम त्येच्या घरात. दारात धंदा हाय धंदा!"

अंजनाबाईंनी पाट्यावर वरवंटा जरा जोरातच फिरवला. हंबीररावांनी तो होकार समजला.

दुसऱ्या दिवशी, रात्रीचं गिऱ्हाईक गेल्यावर, व्हिक्टरी डायनिंग हॉलवर कोरी पाटी चढली: 'जेवण दुपारी चार ते सूर्यास्तापूर्वी अर्धा तास. नंतर प्रवेश नाही. कोणीही असो.' तो अर्धा तास हंबीररावांची खास भर होती. पायगोंडाच्या आधी बंद! म्हणजे पायगोंडापेक्षा जास्त भूक! 'कोणीही असो' हे शब्द लाल रंगात होते.

राजेसाहेबांचा दिवस उजाडला. अंजनाबाईंनी पहाटेपासून राबून हंडाभर मटण, भाकऱ्यांची चळत आणि कस्टर्ड तयार केलं. चारला ज्ञानूने नळकांड्यावर हातोडा हाणला. ठणाणा! रस्त्यावरचं एक घोडं बुजलं. बाकी काही झालं नाही.

पाच वाजले. एक पेन्शनर मास्तर आत आले. चहा मिळेल का म्हणाले, नाही म्हटल्यावर वर्तमानपत्र मागितलं, तेही नाही म्हटल्यावर गेले. समोर मात्र मोटारींवर मोटारी! हंबीरराव खिडकीत पाणी पीत बसले होते. शेवटी सूर्य डोंगराकडे झुकला, तसा त्यांनी हुकूम सोडला.

"ज्ञानू, दार लाव!"

"दाजी, कुणी जेवलंच न्हाई अजून."

"लाव म्हणतो न्हवं! आता बघ मजा."

आणि मजा खरंच सुरू झाली! अंधार पडला, मुंबई पॉइंटवरून गारठलेली मंडळी परत फिरली आणि नेहमीच्या सवयीने व्हिक्टरी डायनिंग हॉलच्या दाराशी आली. दार बंद! आधी कडी वाजली. मग दार वाजलं. मग खिडकी. आतल्या अंधारात हंबीररावांचा चेहरा उजळला.

"आयकलंस? वाजवायला लागली!"

"आवं, उघडा की! थंडीनं काकडल्याली माणसं हायती. हंडा भरून मटण पडलंय," अंजनाबाई म्हणाल्या.

"थांब! वाढू दे. आज लाईन लागती आपल्या दारात, अंजना! पायगोंडानं बघितलं पायजे."

लाईन कुठली, जत्राच भरली होती बाहेर! पारशीबाबा इंग्रजीत ओरडत होता, शेठ गुजराथीत, आणि एक लष्करी कप्तान कुठल्याही भाषेत लिहिता येणार नाही असं काहीतरी. हंबीररावांच्या कानाला ते बँडसारखं लागत होतं. एवढ्यात बाहेर एकदम शांतता पसरली आणि करडा आवाज आला.

"दार उघडा! राजेसाहेब आले आहेत!"

ज्ञानूने कडीला हात घातला. हंबीररावांनी तो हात वरच्या वर धरला. ज्या दारापुढे राजा ताटकळतो, त्या दाराची किंमत काय होईल! अख्खा पायगोंडा एका रात्रीत खलास!

"पाटी वाचा!" ते आतूनच गरजले. "कोणीही असो! उद्या या. दिवस मावळायच्या आत!"

बाहेर कुजबुज झाली. बूट वाजले. मग पावलं लांब गेली. मग काहीच नाही.

हंबीरराव वाट बघत राहिले. आता परत येतील. भूक वाढली की येतील. पायगोंडाचं दारही बंद, जातात कुठे? बराच वेळ गेला. कुणी आलं नाही. राजाला आपण हाकलून दिलं, ही गोष्ट हळूहळू त्यांच्या पोटात उतरायला लागली. सोनेरी अक्षरं एकेक करून विझली.

"अंजना," ते खोल आवाजात म्हणाले, "दार उघडायचं का गं?"

वळून बघतात तर अंजनाबाई नाहीत. ज्ञानू नाही. स्वयंपाकघरात हंडाही नाही! आणि मागच्या अंगणातून हसण्याचा मोठा आवाज आला.

मागचं दार लोटून हंबीरराव बाहेर आले आणि जागीच थिजले. जांभळीच्या झाडांखाली शेकोटी पेटली होती. घरातल्या सतरंज्या अंथरून पारशीबाबा, शेठ, कप्तान, सगळे मांडी घालून बसले होते. मधोमध राजेसाहेब, हाताने भाकरी कुस्करून रस्सा ओरपताहेत! ज्ञानू धावतोय, अंजनाबाई वाढताहेत. आणि कोपऱ्यात, मटणाकडे पाठ करून, हातात आपली गॅसबत्ती उंच धरून उभे आहेत पायगोंडाअण्णा!

"अहो, काय डोकं आहे तुमचं!" राजेसाहेब हंबीररावांना बघून म्हणाले. "पुढचं दार बंद काय, मागून चोरवाट काय! असं जेवण मी जन्मात जेवलो नाही. महिनाभर इथेच! पण इथेच हं, अंगणात. ते आत झुंबराखाली नको!"

हंबीररावांनी हसल्यासारखं केलं. मग ते पायगोंडाअण्णांपाशी गेले.

"तुमी इथं कसं?"

"अहो, ह्यांना मीच पाठवलं होतं की तुमच्याकडं. रोजच पाठवतो. माझं दार बंद झाल्यावर येतात ना, त्यांना म्हणतो, समोर जा, हंबीररावांकडं. तिथं काय शिजतं ते मी इचारत न्हाई, पण भुकेला माणूस तसाच कसा परत लावायचा? आज बघतो तर तुमचंबी दार बंद! मला वाटलं, आजारी पडलात का काय. म्हणून बत्ती घेऊन मागनं आलो, तर वहिनी म्हणाल्या, इकडनंच आणा सगळ्यांना."

म्हणजे ते बोट! ती चुगली! हंबीररावांनी जांभळीच्या खोडाला हात टेकला. रोज रात्री भरणारा आपला हॉल, तो अर्धा ह्या माणसाने भरलेला!

लाज वाटली की माणसाला भूक लागते. निदान हंबीररावांना लागली. ते हंड्यापाशी गेले. हंडा लखलखीत! भाकरीचा तुकडा नाही, कस्टर्डचा थेंब नाही.

"अंजना, मला काय ठेवलंस का न्हाई?"

"तुमाला?" अंजनाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "आवं, तुमचा हॉल तर दिवस मावळायच्या आधीच बंद झाला न्हवं? कोणीबी असो!"

पायगोंडाअण्णा गालात हसले. "चला, आज दोघंबी उपाशी."

"तुमी कशापायी?"

"गर्दीत वाढता वाढता दिवस मावळतो की. अक्का ताट वाढून ठेवती, पण बसायला मिळतंय कुठं? एकदा अंधार पडला की पाणीसुद्धा न्हाई. सीझनमध्ये आठवड्यातनं तीनदा तरी असंच."

ज्या लाईनीपायी आपण जळत होतो, तिच्यापायी हा माणूस उपाशी झोपतो! मोटारी मोजताना हे कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी अण्णांच्या हातातली बत्ती स्वतःच्या हातात घेतली आणि त्यांना घरापर्यंत सोडून आले. सकाळी पाटी काढायची, अण्णांना लाह्यांचं पाणी पाठवायचं, आणि पुन्हा कधी कुणावर जळायचं नाही, असं ठरवून अंथरुणाला पाठ टेकली.

पोटात कावळे ओरडत होते. हंबीररावांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळून पाहिलं. मग ताडकन उठून बसले.

"अंजना! ए अंजना!"

"आता काय?"

"उपाशी आमी दोघंबी हाय. पण त्येचा उपास धरमाचा. म्हंजे त्येला पुण्य लागणार!"

"मग?"

"मग माझा उपास फुकट गेला की गं!"