बिराजदारांची सोल्डरची तार

आमचे शेजारी बिराजदार सर वायरींचे सांधे जोडायची सोल्डरची तार विकत घेण्याआधी तिचा वास घेतात. नांदेडच्या भर बाजारात, दुकानदारासमोर. मग ती कानाशी वाकवून निकाल देतात, "ह्यात जीव न्हाई."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पॉलिटेक्निकच्या भंगारातून आणलेल्या एका ऑसिलोस्कोपसाठी. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवायचं हे धूड आणि तिथल्या प्रयोगशाळेतले बिराजदार एकदमच निवृत्त झाले. दोघांत जास्त निरुपयोगी कोण, हे मी अजून ठरवलेलं नाही.

घरात माणूस एकटा, पण सोल्डरिंग आयर्नचा बाजार मांडलेला. साठ वॅटचं "हाणामारी करतंय", पंचविसाचं "उपाशी हाय". आमच्या मिक्सरची वायर जोडून मागितली, तर म्हणाले, "ते गल्लीतलं काम हाय."

दर रविवारी हदगावहून बसनं त्यांचे जुने सहकारी कांबळे येतात. मग मशीनचं झाकण काढून संध्याकाळपर्यंत भांडण. आतल्या चिनीमातीच्या पट्ट्यांवर चांदीचा थर असतो. साधं सोल्डर तो खाऊन टाकतं, चांदी मिसळलेलंच लागतं आणि ते म्हणे कुठं मिळत नाही. वर्षानुवर्षं हेच. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, पण तो निदान भिंत तरी बदलत असेल.

गेल्या रविवारी मी धुराची तक्रार घेऊन गेलो. बिराजदार आत चहा करत होते. मशीनच्या कोपऱ्यात एक फडकं कोंबलेलं दिसलं, ते मी ओढलं. खाली तारेचं छोटं वेटोळं होतं, आणि वर कंपनीची चिठ्ठी : दुरुस्तीसाठी, चांदीचं सोल्डर.

"अहो कांबळे, हे काय, इथंच तर आहे."

कांबळेंनी फडकं होतं तसं कोंबलं.

"हळू बोला. मला लई दिवसांपासून ठाव हाय. मला दिसू न्हाई म्हणून झाकून ठेवतो तो."

"मग सांगत का नाही?"

"मशीन चालू झालं, तर रविवारी मला बोलवायला त्याच्याकडं काय राहील?"

बिराजदार चहा घेऊन आले. खिशातून नवी तार काढली, लातूरहून मागवलेली. कांबळेंनी वास घेतला, कानाशी वाकवली आणि नकारार्थी मान हलवली. बिराजदारांचा चेहरा खुलला.

मग त्यांनी तार माझ्यापुढं धरली. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. तरी मी नाकाशी नेली, कानाशी वाकवली.

"ह्यात जीव न्हाई," मी म्हणालो.