सुमनअक्का आणि उलटा कार्बोरेटर

आमच्या कॉलनीत एखादी वस्तू बिघडली की लोक ती आधी सुमनअक्कांपासून लपवतात आणि मग दुरुस्तीला नेतात. अक्कांच्या नजरेला पडली की ती वस्तू गेलीच म्हणून समजायचं. "द्या इकडे, जीव शे यामा अजून," असं म्हणत अक्का ती काखोटीला मारतात आणि चालू लागतात. आमचा मिक्सर असाच गेला. परत आला तेव्हा बटण चालू केलं की तो थांबायचा आणि बंद केलं की फिरायचा. बायकोने बरेच दिवस तशाच चटण्या वाटल्या, कारण अक्का येताजाता विचारायच्या, "चालतो ना बरा?"

अक्का साठीच्या पुढच्या. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र चार घरांना पुरून उरेल असा. माहेर अमळनेरचं, संसार धुळ्याला झाला. तिथे त्यांच्या यजमानांचं, म्हणजे भास्करनानांचं, इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं. शेतावरचे पंप, फवारणीची यंत्रं, जुनी डिझेल इंजिनं, सगळं त्यांच्याकडे यायचं. मग नानांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात लुळा पडला. गॅरेज बंद झालं आणि मुलगी जवळ असावी म्हणून दोघं जळगावला आमच्या शेजारी राहायला आले. पुढे जावयाची बदली झाली, मुलगी लांब गेली, आणि हे दोघं इथेच राहिले.

नाना दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे. शाळेत जाताना मी विचारायचो, "नाना, चहा झाला का?" ते म्हणायचे, "हं." संध्याकाळी विचारायचो, "बरं वाटतंय ना?" पुन्हा "हं." एकच हं, आणि दोन्ही वेळा त्यात काही नसायचं. बाकीचं बोलणं अक्काच करायच्या. प्रश्न विचारायच्या, नानांच्या वतीने उत्तर द्यायच्या, त्या उत्तरावर स्वतःच भांडायच्या आणि शेवटी स्वतःच नमतं घ्यायच्या. मी कुंपणापलीकडे वह्या तपासत ऐकत असे.

मागच्या उन्हाळ्यात अक्का भाच्याच्या लग्नाला अमळनेरला गेल्या आणि येताना ढेपेच्या टेम्पोतून एक लोखंडी धूड घेऊन आल्या. पुढे गोल पात्यांचा दंडगोल, मागे रूळ, वर गंजलेलं पेट्रोल इंजिन आणि सायकलसारखा दांडा. एका जुन्या तेलगिरणीच्या मालकाचा बंगला पाडत होते, तिथल्या भंगारातून अक्कांनी ते उचललं होतं.

"काय आहे हे अक्का?"

"गवत कापायचं मशीन. मोटरवालं. जुन्या काळचं शे."

त्या वेळी जळगावात ऊन असं होतं की गाजरगवतसुद्धा वाळलं होतं. आख्ख्या कॉलनीत हिरवं म्हणावं असं काही असेल तर समोरच्या पाटीलकाकांच्या कुंडीतल्या गणपतीच्या दूर्वा. काकांनी त्याच दिवशी कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांच्या मागच्या अंगणातून हातोड्याचे आवाज यायला लागले. ठाण, ठाण, ठाण. मध्येच अक्कांचं मोठ्याने बोलणं, "निघत नही काय, आते पाहा कसा निघस." मग पुन्हा ठाण. व्हरांड्यात बसलेले नाना प्रत्येक घावाला डोळे मिटून घ्यायचे. ज्याने जन्मभर इंजिनं सांभाळली त्याच्या कानावर हे. मला त्यांची दया यायची.

एका रविवारी बायको म्हणाली, "जाऊन सांगा तरी, आज सुट्टी आहे म्हणावं." मी मागच्या दाराने गेलो आणि जागीच थांबलो. इंजिन गोणपाटावर व्यवस्थित खोलून मांडलं होतं. नट आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटात ठेवलेले. पिस्टन रॉकेलमध्ये भिजत होता. आणि अक्का शेजारी बसून, तराजूचं एक जुनं लोखंडी वजन पुढ्यात घेऊन, त्याच्यावर हातोडा हाणत होत्या.

मला पाहून त्यांनी ओठावर बोट ठेवलं, आणखी दोन घाव घातले, मग जवळ बोलावलं. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

"गॅरेजात पोरं टिकायची नाहीत, भाऊ. मग मीच नानांना पाने-पकडी द्यायचे. बघून बघून बठ्ठं काम शिकले. पण हे मी एकटीने नीट केलं तर काय उपयोग?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात चालवला तर सुधारेल, नाहीतर असाच आखडून जाईल. दाबायला रबरी चेंडू दिला, तो नाना खिडकीत ठेवून विसरले. फिजिओथेरपीवाल्याला दोनदा परत पाठवलं. अक्का रडून झाल्या, रागावून झाल्या. मग त्यांनी घरोघरच्या वस्तू आणून नानांसमोर खोलायला सुरुवात केली. पण मिक्सर आणि इस्त्री यांना नाना यंत्र मानतच नव्हते. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"म्हणून इंजिन आणलं," अक्का म्हणाल्या. "इंजिनाचे हाल त्यास्ले पाहावणार नाहीत."

"म्हणजे आमचा मिक्सर तुम्ही मुद्दाम बिघडवला होता?"

"नाही हो, तो खरंच बिघडला. विजेचं माले काही समजत नही."

त्याच संध्याकाळी, मागे उकडतं असं सांगत, अक्कांनी दिवसभरात जोडत आणलेलं मशीन ओढून व्हरांड्यात नानांच्या खुर्चीपुढे आणलं आणि मला हाक मारली. "भाऊ, जरा धर." मी दांडा धरला. त्यांनी कार्बोरेटर घेतला आणि उलटा बसवला. मी भूगोलाचा मास्तर, पण खाली असायला हवी ती पेट्रोलची वाटी वर टोपीसारखी बसलीय हे मलाही दिसत होतं.

"एकदम फिट," अक्का मोठ्याने म्हणाल्या आणि पाना घेऊन बोल्ट आवळायला लागल्या.

नाना भिंतीकडे बघत होते. एक बोल्ट आवळून झाला. दुसरा सुरू झाला.

"उलटा शे तो."

अक्कांनी मान वळवली नाही. "काय म्हणालात?"

"कार्बोरेटर उलटा बसाडा तू."

"राहू द्या. पेट्रोलला काय, वरून गेलं काय नि खालून गेलं काय."

नाना उठले. डाव्या हाताने त्यांनी अक्कांना बाजूला केलं. "सरक. इंजिन शे ते, चटणी नही कुटनी." ते हळूहळू खाली बसले, पाना डाव्या हातात घेतला, बोल्ट सैल केले आणि कार्बोरेटर सुटा झाला. तो सरळ करून बसवायचा तर एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने आवळायचा. नानांचा उजवा हात मांडीवरून निघाला. थरथरत वर आला, घसरला, पुन्हा आला. मी आधाराला हात पुढे करणार तोच अक्कांनी माझ्या पायावर जोरात पाय दिला. मी हात परत दांड्यावर नेला. तिसऱ्या खेपेला नानांची बोटं कार्बोरेटरवर टेकली आणि टेकून राहिली.

त्यानंतर ते मशीन नानांचं झालं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट त्यांनी पॉलिश पेपरने घासले, पॅकिंगच्या शीटमधून गॅस्केट कातरून घेतलं, धारेसाठी पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून तास न् तास फिरवली, तीही उजव्या हाताने. पहिल्यांदा दोरी अक्कांनी ओढली. इंजिनाने एवढा धूर सोडला की डासांची फवारणी आली समजून लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. नाना म्हणाले, "मिसिंग शे, ठोका चुकस," आणि सगळं परत खोललं.

पाऊसकाळ संपता संपता कॉलनीच्या मोकळ्या जागेत गवत कापायचा दिवस उगवला. गवत इतकं वाढलं होतं की ते आधी विळ्याने कापावं लागलं आणि मग त्यावरून मशीन गेलं. पाटीलकाका म्हणाले, हे विळ्यानेच झालं असतं. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. नाना दोन्ही हातांनी दांडा धरून चालत होते आणि त्यांच्यामागे हिरवा गुळगुळीत पट्टा उमटत होता. कॉलनीतली निम्मी माणसं तो बघायला उभी होती. अक्का मात्र गवताकडे बघत नव्हत्या, त्यांचं लक्ष दांड्यावरच्या नानांच्या उजव्या मुठीवर होतं.

आता नशिराबादचे एक शेतकरी फवारणीचा पंप दुरुस्तीला ठेवून गेले आहेत आणि आणखी दोघे येऊन विचारून गेले आहेत. परवा मी गेलो तेव्हा नाना तोच पंप खोलून बसले होते आणि अक्कांना झापत होते. धुळ्याला एवढी वर्षं राहून तुला पाना कसा धरायचा ते कळलं नाही, असं काहीसं चाललं होतं. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. नाना पंपाकडे वळले तसा मी हळूच म्हणालो, "अक्का, आता तरी खरं सांगून टाका ना त्यांना."

"कशाला? रागावतात तेवढा वेळ बोलतात तरी."

तेवढ्यात नानांनी मान वर न करता हात पुढे केला. "दहाचा दे."

अक्कांनी पेटीतून दहाचा पाना काढला, पदराने पुसला, नानांकडे एकदा बघितलं, तो गुपचूप परत ठेवला, आणि बाराचा घेऊन गेल्या.