रॉयच्या रायफलची काच

फ्रिस्कोतल्या कुठल्याही मराठी घरात डिशवॉशर बिघडला की दोन फोन होतात. पहिला मेकॅनिकला आणि दुसरा मला! नवा कुठला घ्यावा हे ठरवण्यात अख्ख्या टेक्ससमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. ही बढाई नाही, माझ्याकडे एक्सेल शीट्स आहेत. गादी, गाडी, राइस कुकर, सासऱ्यांचा वॉकर, प्रत्येकाची वेगळी टॅब! माझी बायको नेत्रा मधूनमधून विचारते, "परीक्षित, लग्नाआधी माझीही शीट केली होतीस का रे?" अशा वेळी मी लगेच लॅपटॉप मिटतो.

एकदा शेजारचा रॉय कुंपणापाशी येऊन म्हणाला, "माझ्या रायफलवर काहीतरी काच बसवायची आहे, तू निवडून देशील?" तेव्हा मी आयुष्यात रायफलला हात लावलेला नसूनही छाती फुगवून म्हणालो, "काळजीच सोड!" (रॉय अर्थात इंग्रजीत बोलतो. तेही टेक्ससचं, गुळासारखं चिकट. मी आपल्या सोयीसाठी मराठी करून सांगतोय.)

रॉयचं वय चौऱ्याहत्तर. ज्या वर्षी बर्फानं आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, तेव्हा आम्ही तिघं त्याच्या घरी जनरेटरवर राहिलो होतो. त्याची बायको बेटी आमच्या लेकीला, रुहीला, रोज रात्री स्वतःच्या रजईत घेऊन झोपायची. बेटी दोन वर्षांपूर्वी गेली. ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल तिनंच त्याला रिटायरमेंटला दिलेली. लहान गोळीची, खेळातल्या नेमबाजीची. दोघं दर शनिवारी क्लबच्या रेंजवर जायची. तिथं लांबवर लोखंडी ताटल्या टांगलेल्या असतात. नेम लागला की ठण्ण आवाज होतो.

"वर्ष झालं, ठण्ण ऐकलेलं नाही," रॉय म्हणाला. "पुढचं टोक दिसतच नाही नीट. या महिनाअखेरीला सीनियर लोकांची मॅच आहे. त्यात जमलं नाही तर विकून टाकणार. मुलगा कधीचा मागे लागलाय."

हे सांगताना तो कुंपणाचा सुटलेला रंग नखानं काढत होता. मला फार वाईट वाटलं. या माणसाची बंदूक विकली जाता कामा नये, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

मग काय, तीन आठवडे ऑफिसचं काम नावापुरतं आणि रिसर्च चोवीस तास! इंटरनेटवर दुर्बिणवाले आणि ठिपकेवाले असे दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, हे मला कळलं. ठिपकेवाल्यांचं म्हणणं, छोट्या काचेत एक उजळ ठिपका दिसतो, तो ताटलीवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. डोकं थोडं इकडेतिकडे हललं तरी चालतं. मला ते पटलं. मी पंधरा रकान्यांची शीट केली. वजन, बॅटरी, काचेचा लेप, किती फूट पाण्याखाली चालेल (रॉयचा तळ्यात बुडून नेम धरायचा काही विचार नव्हता, पण माहिती असावी!). शेवटी निष्कर्ष निघाला: हिरवा ठिपका. हिरवा रंग डोळ्याला चटकन दिसतो, असं सतरा लोकांनी लिहिलं होतं. शिवाय हलवलं की आपोआप चालू होणारा!

पार्सल आलं ते नेमकं खंडेनवमीला. आई महिनाभरापूर्वीच साताऱ्याहून आली होती. मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये, आणि तिकडे हॉलमध्ये तिनं पाट मांडून त्यावर माझा जुना लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, नेत्राचा मिक्सर, ड्रिल मशीन आणि रुहीचं व्हायोलिन ओळीनं ठेवलेलं.

"आजी, व्हायोलिन इज नॉट अ वेपन!" रुही म्हणाली.

"तू वाजवतेस तेव्हा असतं," नेत्रा म्हणाली.

मी मीटिंग म्यूट करून बाहेर आलो तेव्हा पूजा आटोपली होती. रॉयची काच खोक्यातून निघून झेंडूच्या फुलांत बसली होती. "खरं शस्त्र घरात एवढंच," आई म्हणाली. मी फुलं झटकली, काच खोक्यात ठेवली आणि तडक रॉयकडे गेलो.

रायफलवर बसवून दोघांनी आळीपाळीनं काचेतून पाहिलं. बरोब्बर मधोमध एक नाजूक ठिपका! पण लाल. मी हिरवा मागवला होता, दुकानानं लाल पाठवलेला दिसत होता. परत करायला वेळ नव्हता. आणि खरं सांगू? चूक झाली म्हणायला जीभ रेटेना. "लालच चांगला," मी ठोकून दिलं. "लेटेस्ट रिसर्च!" खोक्यात बॅटरीची एक वेगळी पुडी होती, ती जादाची समजून मी ड्रॉवरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी रेंजवर सराव. पहिली गोळी ताटलीच्या डावीकडे. दुसरी उजवीकडे. तिसरी कुठं गेली ते त्या गोळीलाच माहीत!

"ठिपका सरकवायला स्क्रू असतात," मी शहाणपणानं म्हणालो आणि फिरवायला लागलो. टिक, टिक, टिक. ठिपका जागचा हलेना. आणखी वीस टिक. ढिम्म! उलट रॉयनं मान हलवली की ठिपका भलतीकडेच जाई.  रायफल पुसून त्यानं पेटीत ठेवली आणि परतताना गाडीत म्हणाला, "काच चांगलीच असेल रे. माझाच हात गेला."

त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली. लोकांचे डिशवॉशर गळले तरी चालेल, पण हा माणूस माझ्यामुळे स्वतःला म्हातारा समजायला लागला होता!

मॅचच्या सकाळी आम्ही सगळे गेलो. रॉयनं आईला खास बोलावलं होतं. दोघांची एक भाषा नाही, पण कुंपणावरून टोमॅटो आणि चटण्यांची देवाणघेवाण चालायची. तो तिला "शायला" म्हणतो, कारण शैलजा त्याच्या तोंडात मावत नाही. ती त्याला रॉयभाऊ म्हणते. रॉयचा नंबर यायला अर्धा तास होता. मी पार्किंगमध्ये जाऊन कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, बॅटरी कधी घातलीत?" पलीकडची बाई.

"आतच असणार ना. ठिपका दिसतोय की!"

"कुठल्या रंगाचा?"

"लाल. तुम्ही चुकून लाल पाठवलाय."

 पलीकडची बाई अगदी हळू आवाजात, पेशंटशी बोलावं तशी म्हणाली, "सर, हे मॉडेल आम्ही फक्त हिरव्यात बनवतो."

मी धावत सुटलो! रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली होती. रेंजची देखरेख करणाऱ्या बाईंची परवानगी घेऊन मी काचेवर बोट घासलं. बोट लाल!

"आई!!"

"काय झालं ओरडायला?" आई म्हणाली. "काच आहे म्हणून मुद्दाम काडीनं लावलं. अगदी बारीक. आणि मधोमध, वाकडंतिकडं नाही!"

रॉयला सगळं समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते, त्यांना कुंकू लावतात, आणि तू चार दिवस माझ्या आईच्या कुंकवानं नेम धरत होतास!  रॉयचे खांदे हलायला लागले, आणि तो इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. "म्हणजे माझा हात गेला नाही?" त्यानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना त्यानं स्वतःचा तळहात उघडून पाहिला. मीच चष्मा पुसायला लागलो.

बॅटरीची पुडी घरी ड्रॉवरमध्ये, आणि ती आणायला रुहीला गाडी घेऊन पाठवणार कसं, ती आठवीत! पण देव पावला. रेंजवरच्या बाईंकडे तीच बॅटरी निघाली. काच पुसली, बॅटरी घातली, आणि काय सांगू, पाचूसारखा हिरवा ठिपका उमटला! मी विजयी मुद्रेनं बाजूला झालो. पंधरा रकाने फुकट गेले नव्हते!

रॉयनं काचेतून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ठिपका कुठाय? मला तर फुलबाजी दिसतेय."

मी पाहिलं. ठिपका होता, सुबक, गोल. उजेड कमी केला, जास्त केला. रॉयला फुलबाजीच.  आता कुणाच्या कुंकवावर ढकलणार?

तेवढ्यात आई पुढे आली. "रुही, विचार त्यांना, रात्री गाडीच्या दिव्यांभोवती असंच पसरल्यासारखं दिसतं का? आणि दुसऱ्या डोळ्यानं बरं दिसतं का?"

रुहीनं विचारलं. रॉय म्हणाला, हो, दिसतं. म्हणून तर रात्री गाडी चालवायची सोडली. डावा डोळा झाकून पाहिलं तर सगळंच धुरकट, उजवा झाकला तर पुष्कळ बरं.

"मोतीबिंदू!" आईनं निकाल दिला. "माझ्या ऑपरेशनआधी हुबेहूब असंच होतं. आणि म्हणूनच हे मला कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून आणून देतात! मी आपली चटणी करत बसले." मग माझ्याकडे वळून, "परीक्षित, तीन आठवडे तू काय शोधत होतास? या माणसाला दिसतं कसं, हे एकदा तरी विचारलंस का?"

नाही विचारलं. काच पाण्याखाली किती फूट चालेल, ते मात्र माहीत होतं!

त्या दिवशी रॉय शेवटून पहिला आला. रायफल मात्र विकली नाही. नोव्हेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि जानेवारीतल्या एका थंड शनिवारी त्यानं माझी महागडी काच काढून ठेवून, बेटीनं दिली तशीच मूळची रायफल हातात घेतली. ठण्ण! लगेच दुसरी, ठण्ण! रॉयनं रायफल खाली ठेवली आणि टोपी काढून उभा राहिला.  आई पदरानं डोळे पुसत होती, आणि मीही.

आता क्लबमधल्या म्हाताऱ्यांत बातमी पसरली आहे. नेम चुकायला लागला की ते फ्रिस्कोला सल्ला घ्यायला येतात. परवा दोघं आले. दार मी उघडलं, लॅपटॉपही उघडलेला होता. त्यातला एक जण माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाला, "शायला आहे का घरात?"